सांडलेल्या पाण्याचा धनी

घरांत पाणी येतें तेव्हां त्याचें स्वागत होतें. घरांतून पाणी जातें तेव्हां त्याच्याकडे कोणी वळून पाहत नाहीं. आमच्या भाषेंत, आचारांत व धर्मविचारांत पाणी घेण्याविषयीं जितकी आस्था आढळते तितकी तें सोडण्याविषयीं आढळत नाहीं. नदीचीं स्तोत्रें आहेत, विहिरीचें पूजन आहे, पाणपोई घालणाऱ्यास पुण्य आहे. परंतु मोरींतून वाहून जाणाऱ्या पाण्याची नीट व्यवस्था लावणाऱ्यास पुण्य लागतें असें कोणी सांगितल्याचें ऐकिवांत नाहीं. पाण्यांत मलोत्सर्ग करूं नये असा निषेध स्मृतींत आहे खरा. पण त्याचा रोख पाण्याच्या व करणाऱ्याच्या पावित्र्याकडे आहे, प्रवाहाच्या खालच्या अंगास पाणी भरणाऱ्या माणसाकडे नाहीं. उलट, आपली घाण दूर नेण्याचें काम ज्याच्यावर लादलें, त्यालाच आपल्या समाजानें शतकानुशतकें दूर ठेविलें. तेव्हां प्रश्न असा उभा राहतो कीं, एकदां आपल्या उंबऱ्याबाहेर गेलेल्या पाण्याचा धनी कोण? ज्यानें तें वापरलें तो, ज्याच्या अंगणांत तें जाऊन सांचलें तो, कीं कोणीच नाहीं?

वरवर पाहतां हा प्रश्न एखाद्या ओव्हरसियरचा वाटतो, नीतिशास्त्राचा वाटत नाहीं. नळ किती इंची असावा, गटाराला उतार किती द्यावा, टांकी कोठें बांधावी, ह्या गोष्टींचा सदसद्विवेकाशीं काय संबंध, असें कोणीही विचारील. आमचें म्हणणें असें कीं संबंध अगदीं निकटचा आहे. समाजाची नीति जाणून घ्यावयाची असेल तर त्याच्या देवळाच्या कळसाइतकेंच त्याच्या गटाराचें तोंड कोठें उघडतें हेंही पाहिलें पाहिजे. आणि ह्या विचाराला वर्धेसारखें दुसरें स्थळ महाराष्ट्रांत क्वचितच सांपडेल. येथें हा प्रश्न केवळ बोलला गेला नाहीं. कांहीं माणसांनीं तो आयुष्यांतील वर्षें खर्चून स्वतःच्या हातांनीं सोडवून पाहिला.

१९३४ सालच्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जमनालाल बजाज यांनीं दिलेल्या मगनवाडीच्या जागेंत त्याचें ठाणें पडलें. पुढल्या वर्षीं गांधीजी तेथें राहावयास आले आणि मगनवाडींतील मंडळी जवळच्याच सिंदी नांवाच्या गांवीं सकाळीं फावडीं व बादल्या घेऊन जाऊं लागली. वाटेवर पडलेला मैला उचलावा, मातीखालीं पुरावा आणि परत यावें, असा हा क्रम होता. महादेवभाई देसाई व मीराबेन यांसारखीं माणसें त्यांत होतीं. ३० एप्रिल १९३६ रोजीं गांधीजी शेगांवांत गेले. १९४० सालीं त्याच गांवास सेवाग्राम हें नांव मिळालें. तेथील आश्रमांत संडास साफ करण्याचें काम आश्रमवासीयांकडे पाळीपाळीनें येई. त्यासाठीं वेगळी जात ठेविली नव्हती. ऑक्टोबर १९३७ मध्यें वर्धेंत भरलेल्या शिक्षण परिषदेंतून जी नयी तालीम निघाली, तिनें सफाईला अभ्यासाच्या पंक्तीला बसविलें. धाम नदीच्या कांठीं पवनारला १९३८ पासून राहिलेले विनोबा १९४६ पासून जवळजवळ दोन वर्षें खांद्यावर फावडें टाकून सुरगांवला जात आणि तेथील मैला साफ करीत. शेजारच्या वऱ्हाडांत गाडगेबाबांचा खराटा तर त्याच्याही पूर्वींपासून फिरत होता. दिवसा गांव झाडावें आणि रात्रीं कीर्तनांत गांवाचीं मनें झाडावीं, हा त्यांचा परिपाठ सर्वांस ठाऊक आहे.

ह्या सर्वांचें उत्तर एकच होतें: सांडलेल्या पाण्याचा आणि टाकलेल्या घाणीचा धनी ज्याचा तोच. जो घाण करतो त्यानेंच ती निस्तरावी. तें काम नीच असेल तर तें करावयास लावणारा अधिक नीच होय. ह्या उत्तरांत जें नैतिक तेज आहे तें आम्हीं वर्णावें असें नाहीं. परंतु त्याचें फळ काय झालें, हें प्रामाणिकपणें पाहिलें पाहिजे. सिंदीची सफाई महिनोन् महिने चालली, तरी गांवाची सवय फारशी पालटली नाहीं. त्याचें कारण केवळ अज्ञान नव्हे. गांवाला इतकेंच दिसलें कीं एक नवा, सुशिक्षित व विनावेतन झाडणारा मिळाला आहे. सेवकाच्या फावड्यानें वाट स्वच्छ झाली. पण त्या स्वच्छतेची जबाबदारी गांवाकडे गेली नाहीं. एका माणसाचें कर्तव्य दुसऱ्या माणसानें कितीही प्रेमानें केलें, तरी पहिल्या माणसाच्या अंगीं कर्तव्यबुद्धि उत्पन्न होतेच असें नाहीं.

ह्याच विचाराची दुसरी बाजू कोंकणांत दिसली. १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत असतां आप्पासाहेब पटवर्धन यांनीं भंगीकाम आपणांस करूं द्यावें अशी मागणी केली. ब्राह्मण कैद्यास तें काम देतां येत नाहीं अशी सबब पुढें आली, त्यांनीं अन्नत्याग केला आणि त्यांच्या पाठिंब्यासाठीं त्याच वर्षाच्या डिसेंबरांत येरवड्यास गांधीजींनींही उपवास आरंभिला. ह्या प्रकरणांत आम्हांस सर्वांत विचार करण्यासारखी वाटते ती सरकारची सबब. परकी सत्ता, परका कायदा. पण मैल्याच्या बादलीपाशीं येतांच त्या कायद्यानें जातीचा पडदा जसाच्या तसा मान्य केला. पुढें आप्पासाहेबांनीं कणकवलीस गोपुरी आश्रम काढला आणि तेथें त्यांनीं आपलें बरेंचसें लक्ष संडासाच्या रचनेकडे व मैल्यापासून होणाऱ्या खताकडे वळविलें. हा बदल लक्षांत घेण्याजोगा आहे. स्वतः मैला उचलण्याचा हक्क मागणारा माणूस शेवटीं ज्यांत कोणालाच ताजा मैला उचलावा लागूं नये अशा रचनेच्या शोधांत पडला. आचारानें सुरू झालेला विचार यंत्ररचनेपाशीं येऊन पोंचला.

तो तेथें येऊन पोंचणें आवश्यक होतें, असें मानण्यास आणखी एक मोठें कारण आहे. डॉ. आंबेडकर यांनीं १९४५ सालच्या आपल्या ग्रंथांत गांधीविचारावर जो घणाघाती आक्षेप घेतला, त्याचा एक भाग नेमका ह्याच प्रश्नावर आहे. ज्या मनुष्याला जन्मानें हें काम चिकटविलें आहे, त्याला तें काम थोर आहे, समाजसेवा आहे, असें सांगणें हें त्याचें सांत्वन नव्हे, त्याची चेष्टा आहे, असा त्या आक्षेपाचा आशय आहे. हा आक्षेप टाळून पुढें जातां येत नाहीं. पाळीनें एक दिवस फावडें धरणारा आश्रमवासी आणि जन्मभर तेंच धरणारा माणूस यांच्या हातांत फावडें एकच असलें, तरी त्यांच्या मनांत एकच गोष्ट असूं शकत नाहीं. कारण पहिल्याला तें खालीं ठेवण्याची मोकळीक आहे. कामाची स्तुति केल्यानें काम करणाराची सुटका होत नाहीं. ती दोनच मार्गांनीं होते: तें काम खरोखर सर्वांच्या वांट्यास यावें, किंवा तें कोणाच्याच वांट्यास येऊं नये.

दुसऱ्या मार्गाचा पहिला मोठा प्रयोग युरोपांत झाला. १८५८ च्या उन्हाळ्यांत टेम्स नदीच्या दुर्गंधीनें लंडनच्या पार्लमेंटास आपलें कामकाज चालविणें कठीण झालें, तेव्हां बॅझलजेट ह्या इंजिनियराच्या हातीं पैसा व अधिकार आला आणि शहराखालीं भुयारी गटारांचें प्रचंड जाळें उभें राहिलें. ह्या रचनेनें असंख्य जीव वांचविले, ह्यांत संशय नाहीं. आमच्या देशापुरतें बोलावयाचें तर मोठ्या, मध्यवर्ती योजनेचा आणखी एक गुण मान्य केला पाहिजे: नळ जात विचारीत नाहीं. १८६८ सालीं जोतीराव फुले यांना पुण्यांत आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला करणें हें धाडस म्हणून करावें लागलें. २० मार्च १९२७ रोजीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी हजारो माणसांनीं प्राशन केलें, तेव्हां तळें बाटलें म्हणून तेथील सवर्णांनीं त्याची पंचगव्यानें शुद्धि केली. आणि तळ्यावरील हक्काचा वाद न्यायालयांत दहा वर्षें चालून १९३७ मध्यें संपला. शहरांतल्या नळाच्या तोटीनें असला वाद बऱ्याच अंशीं निकालांत काढला. जमिनीखालून येणाऱ्या पाण्यास कोणाची सांवली पडत नाहीं, आणि जमिनीखालून जाणाऱ्या मैल्यास कोणाचें डोकें लागत नाहीं. ज्यांच्या पूर्वजांनीं विहिरीच्या कठड्यापासून दूर उभें राहून पाण्याची वाट पाहिली, त्यांना शहराचें हें निनांवीपण मुक्तीसारखें वाटलें तर त्यांत नवल काय?

परंतु ह्या चित्राचीही दुसरी बाजू आहे. लंडनचा मैला नाहींसा झाला नव्हता. तो शहराच्या पूर्वेस, प्रवाहाच्या खालच्या अंगास, बेक्टन व क्रॉसनेस येथें नदींत सोडला जात होता. ३ सप्टेंबर १८७८ रोजीं त्याच भागांत ‘प्रिन्सेस ॲलिस’ ही उतारूंची बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें मेलीं. ज्या पाण्यांत तीं पडलीं त्यांत थोड्याच वेळापूर्वीं सोडलेला शहराचा मैला होता. त्यानंतर कांहीं वर्षांनीं तो मैला गाळून, गाळ वेगळा काढून मग पाणी सोडण्याची व्यवस्था झाली. म्हणजे शहरानें प्रश्न सोडविला नव्हता, तो कांहीं मैल पुढें ढकलला होता. आणि पुढें ढकललेला प्रश्न कोणाच्या तरी अंगावर कोसळल्याशिवाय शहरास दिसला नाहीं.

आमच्याकडे तर पुढें ढकलण्याबरोबर खालीं ढकलण्याचाही प्रकार घडला. भुयारी गटार तुंबतें, तेव्हां त्यांत माणूस उतरवितात. डोक्यावरची पाटी गेली आणि भुयारांतली मृत्युगुहा आली. शुष्क संडास व हातानें मैला उचलणें यांस बंदी करणारा कायदा १९९३ सालीं झाला, अधिक व्यापक कायदा २०१३ सालीं झाला. २७ मार्च २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें १९९३ पासून गटारांत मेलेल्या प्रत्येक माणसाच्या कुटुंबास दहा लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला. ऑक्टोबर २०२३ मध्यें त्याच न्यायालयानें ही रक्कम तीस लाखांवर नेली. रक्कम वाढवावी लागते याचा अर्थ मरण थांबलेलें नाहीं. आणि मरणारे कोणत्या जातींचे असतात, हें सांगण्याची आवश्यकता नाहीं. नळानें जात विचारली नाहीं हें खरें. पण गटाराच्या झांकणापाशीं ती पुन्हा विचारली गेली. मोठ्या रचनेचा दोष ती मोठी आहे हा नव्हे. दोष हा कीं तिच्यांत घाण व माणूस हीं दोन्ही एकदमच दृष्टिआड होतात, आणि जें दिसत नाहीं त्याच्याविषयीं विवेकास टोंचणी लागत नाहीं.

मग लहान रचनेकडे वळावें काय? आजच्या खेड्यापुढें हा प्रश्न नव्या स्वरूपांत उभा आहे, आणि तो अंकांनीं मांडल्यास चटकन् लक्षांत येईल. १५ ऑगस्ट २०१९ रोजीं जाहीर झालेल्या जलजीवन योजनेचें माप असें कीं, खेड्यांतील प्रत्येक घरीं नळ यावा आणि माणशीं रोज ५५ लिटर पाणी मिळावें. दोन हजार वस्तीच्या गांवीं हें पाणी रोज १,१०,००० लिटर झालें. वापरलेल्या पाण्यापैकीं सुमारें ऐशीं टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतें असें स्थापत्यशास्त्र धरून चालतें. म्हणजे रोज ८८,००० लिटर. ज्या गांवांत पूर्वीं बायका डोक्यावरून दोन हंडे आणीत, तेथें सांडण्याजोगें पाणीच नव्हतें. आतां पाणी आलें आणि त्याच्याबरोबर सांडपाण्याचा प्रश्नही आला. नळ आणण्याचा समारंभ होतो, नारळ फुटतो. सांडपाणी मात्र कोणत्याहि समारंभाविना गल्लींत उतरतें.

वर्धा जिल्ह्याची भूमि ह्या बाबतींत सोपी नाहीं. खालीं काळा पाषाण, वर कपाशीची काळी माती. ही माती ओली झाली म्हणजे फुगते, सुकली म्हणजे भेगाळते. साध्या शोषखड्ड्यांतलें पाणी मुरमांत जसें झरझर मुरतें तसें चिकण काळ्या मातींत मुरत नाहीं. आणि पावसाळ्यांत विहिरींचें पाणी वर आलें म्हणजे खड्डा व विहीर यांतील अंतर धोक्याचें होतें. पाषाणाच्या भेगांतून घाण कोणत्या विहिरीस जाऊन मिळेल हें वरून दिसत नाहीं. म्हणून येथें रचना भूमि पाहून करावी लागते: खड्ड्याभोवतीं फूटभर रुंदीचें वाळू-खडीचें आवरण घालावें, तळ पाण्याच्या पातळीच्या बराच वर ठेवावा, विहिरीपासून पुरेसें अंतर राखावें. १९७६ सालीं देवेंद्रकुमार यांनीं वर्धेजवळ दत्तपूर येथें स्थापिलेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रासारख्या संस्थांनीं अल्पखर्चाचे संडास, पावसाच्या पाण्याचा संचय, मातीचीं घरें असल्या विषयांत जें काम केलें, त्याचें मर्म हेंच कीं विज्ञानानें गांवच्या मातीला प्रश्न विचारून मग उत्तर द्यावें.

लहान रचनांपैकीं दोनखड्डी संडास ही आम्हांस केवळ स्थापत्याची नव्हे, नीतीचीही कृति वाटते. दोन खड्डे असतात. एक वापरांत, दुसरा विश्रांतींत. पहिला भरला कीं तो झांकावा व मैला दुसऱ्याकडे वळवावा. वर्ष-दीड वर्ष झांकलेल्या खड्ड्यांतला मैला मातींतल्या सूक्ष्म जीवांच्या कामानें कोरडा, वासरहित, मातीसारखा होतो आणि शेतांत घालतां येतो. गांधीजींनीं ज्यांचा आधार घेतला त्या डॉ. पूर ह्या इंग्रज वैद्यानें एकोणिसाव्या शतकांत हेंच सांगितलें होतें कीं मातीचा वरचा, जिवंत थर हाच उत्तम भंगी आहे. आमच्या मतें ह्या रचनेची थोरवी अशी: जें काम समाजानें माणसाकडून करून घेतलें, तें येथें काळाकडून करून घेतलें जातें. ताज्या मैल्याला कोणाचाही हात लागत नाहीं. आश्रमाच्या मार्गानें काम सर्वांचें करावयाचें होतें आणि आंबेडकरांच्या आक्षेपानुसार तें कोणाचेंच न राहावयाचें होतें. दोहोंची गांठ ह्या साध्या खड्ड्यांत पडते.

सांडपाण्याचेंही असेंच आहे. गल्लीगल्लींतून येणारें पाणी आधीं एका टांक्यांत निवूं द्यावें. मग एकामागून एक असलेल्या कप्प्यांतून खालीं-वर फिरवावें, म्हणजे हवेवांचून जगणारे जीव त्यांतील घाण खातात. पुढें खडीच्या वाफ्यांतून, जेथें कर्दळ किंवा पाणकणीस लावलें आहे, तें संथपणें जाऊं द्यावें. शेवटीं उघड्या तळ्यांत सूर्यप्रकाशाखालीं ठेवावें. गांवाला उतार असेल तर ह्या व्यवस्थेला विजेचा पंप लागत नाहीं. निघालेलें पाणी पिण्याजोगें नसतें. पण फळबागेस, वनशेतीस उपयोगी पडतें. गांवचें पाणी गांवांतच फिरून जमिनीस मिळतें. शिवाय वाफ्यांतली कर्दळ सुकली किंवा तळ्याला वास आला कीं गांवास तें त्याच दिवशीं कळतें. चूक जवळ राहते, म्हणून दुरुस्तीही जवळ राहते.

येथें कोणी म्हणेल, मग प्रश्न सुटला. लहान तें चांगलें, मोठें तें वाईट. असा सुटसुटीत निर्णय देण्यास आम्ही तयार नाहीं. खेड्याच्या लहानपणाविषयीं भोळेपणा बाळगणें हा आमच्या सुशिक्षितांचा जुना छंद आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनासमितींत आंबेडकरांनीं खेड्यावर जें कोरडे ओढले, ते शहरी माणसाच्या तिरस्कारापोटीं नव्हते. खेडें कोणाला जवळ घेतें व कोणाला शिवेबाहेर ठेवतें, हें त्यांनीं भोगलेलें होतें. चूक जवळ राहते असें आम्हीं वर म्हटलें. पण कोणाच्या जवळ? गांवाच्या उताराच्या टोंकास बहुधा कोणती वस्ती असते? तळें खणावयास गांव जी जागा सुचवील, ती पाटलाच्या मळ्याजवळची असेल कीं दलितवस्तीच्या मागची? इंजिनियर म्हणेल, पाणी उताराकडे जाणार; त्यांत माझा काय दोष? परंतु घरेंही उताराप्रमाणें वसविलेलीं आहेत. वरच्यांनीं वर राहावें आणि खालच्यांनीं खालीं राहावें, हा निर्णय निसर्गानें केलेला नाहीं. जो आराखडा केवळ उतार पाहतो, तो जुना अन्याय नव्या नकाशावर गिरवितो.

दोनखड्डी संडासाचीही हीच कथा आहे. उत्तर हिंदुस्थानांतील खेड्यांचा अभ्यास करून डायन कॉफी व डीन स्पिअर्स यांनीं २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत एक मार्मिक निष्कर्ष काढला आहे: पुष्कळ कुटुंबांना लहान खड्डा नको असतो, कारण तो भरतो व कधींतरी रिता करावा लागतो, आणि रिता करण्याच्या कल्पनेशींच अस्पृश्यता निगडित आहे. म्हणून जमल्यास ते जन्मभर न भरणारा प्रचंड खड्डा बांधतात, नाहीं तर उघड्यावरच जातात. खड्ड्यांतला मैला माती होतो, पण मनांतला विटाळ तसाच राहतो. शास्त्र सांगतें कीं वर्षभरानंतर ही मातीच आहे. संस्कार सांगतो कीं हा मैलाच आहे. आणि संस्काराचा जय झाला म्हणजे शेवटीं खड्डा उघडण्यास पुन्हा त्याच जातीच्या माणसास बोलावणें जातें. अशा वेळीं निर्दोष रचनाही सदोष होते. दोष रचनेच्या बाहेर, तिच्या धन्याच्या मनांत असतो.

तेव्हां रचनेचा आकार हा प्रश्नाचा शेवट नव्हे. मोठ्या रचनेंत माणूस दिसत नाहीं, लहान रचनेंत तो फार दिसतो आणि जातीसकट दिसतो. आम्हांस असें वाटतें कीं, जोपर्यंत आपण पाण्याच्या धन्याचा शोध घेत आहों, तोंपर्यंत हा पेंच सुटणार नाहीं. कारण मालकीची कल्पनाच येथें अपुरी पडते. मालक म्हणतो, माझें होतें, मीं टाकलें, आतां माझा संबंध संपला. टाकण्याचा हक्क हा मालकीचाच भाग आहे. परंतु पाणी कोणाचेंच नसतें. तें वरच्या शेतांतून आपल्याकडे येतें आणि आपल्याकडून खालच्या गांवाकडे जातें. मध्यें कांहीं तास आपल्या घागरींत विसावतें. आपण पाण्याचे धनी नाहीं, आपण त्याचे ऋणको आहों. शेजाऱ्याकडून उसनें आणलेलें भांडें घांसून परत करावें, एवढी रीत आमच्या घरांघरांतून अजून जिवंत आहे. उष्टें भांडें परत करणाऱ्यास कोणी सभ्य म्हणत नाहीं. पाण्याच्या बाबतींत मात्र आपण भांडें उष्टेंच परत करतों, आणि तेंही ज्याच्याकडून आणलें त्याला न देतां, आपल्याहून दुबळ्या तिसऱ्याच माणसाच्या दारांत फेंकून देतों.

ऋणाची ही कल्पना मान्य केली तर कोणत्याहि योजनेस, ती वर्धा शहराची असो कीं दोन हजार वस्तीच्या गांवाची, तीन प्रश्न विचारतां येतात. पहिला: ही योजना चालू राहावी म्हणून कोणा माणसाला ताज्या मैल्यास हात लावावा लागेल काय, किंवा श्वास कोंडणाऱ्या जागीं उतरावें लागेल काय? उत्तर होकारार्थी असेल तर तो आराखडा परत करावा. खर्च वाढतो ही सबब ऐकूं नये, कारण तो खर्च आजवर दुसऱ्याच्या प्राणानें भागविला गेला आहे. दुसरा: आपण सोडलेलें पाणी ज्याच्याकडे जाणार, त्याच्या जागीं आपण असतों तर तें घेतलें असतें काय? तिसरा: योजनेची जागा, पाळी आणि पट्टी ठरविणाऱ्या सभेंत उताराच्या टोंकाची वस्ती बसलेली होती काय, व तिला नाहीं म्हणण्याचा अधिकार होता काय? तिसरा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाहीं; पण पहिल्या दोहोंचें खरें उत्तर त्याच्यावांचून मिळत नाहीं. खालच्या माणसाला काय सोसावें लागेल हें वरचा माणूस अंदाजानें सांगतो, खालचा अनुभवानें सांगतो.

ह्यावर एक आक्षेप येईल तो असा: इतकी काटेकोर नीति लावली तर कोणतीच योजना उभी राहणार नाहीं, आणि तोंवर लोक घाण पाणीच पीत राहतील. हा आक्षेप हलका नाहीं. तान्हीं मुलें अतिसारानें मरत असतां निर्दोष आराखड्याची वाट पाहणें ही क्रूरताच होय. परंतु वरील प्रश्न योजना अडविण्यासाठीं नाहींत, ती कोणत्या टोंकापासून सुरू करावी हें सांगण्यासाठीं आहेत. पैसा थोडा असेल तर नळाची लांबी थोडी कमी करावी, पण सांडपाण्याची वाट आधीं काढावी. दोनखड्डी संडास बांधावयाचे असतील तर पहिला खड्डा उघडण्याचा दिवस गांवच्या पुढाऱ्यांनीं स्वतःच्या घरीं, सर्वांसमक्ष साजरा करावा आणि त्यांतली माती स्वतःच्या शेतांत स्वतःच्या हातानें घालावी. सिंदीच्या वाटेवर बाहेरच्या सेवकांनीं फावडें धरलें आणि गांव पाहत राहिलें. येथें गांवच्याच प्रतिष्ठितांचा हात लागेल, आणि तोही मैल्यास नव्हे, मातीस. संताला जें त्यागानें करावें लागलें, तें साध्या माणसाला लाज न वाटतां करतां यावें, एवढी सोय शास्त्रानें करून ठेविली आहे. आतां उणीव आहे ती ही सोय विटाळाच्या कल्पनेपेक्षां खरी मानण्याची.

वर्धा शहर आपलें पाणी धाम नदींतून घेतें. त्याच नदीच्या पात्रांत, पवनारला, १२ फेब्रुवारी १९४८ रोजीं गांधीजींच्या अस्थींचा अंश विसर्जित झाला. तेथें छत्री आहे, आणि दर वर्षीं त्या दिवशीं लोक जमतात, सूत अर्पण करतात. ज्या माणसानें आयुष्यांत नदी, तीर्थ व विहीर यांच्या कांठची घाण पाहून संताप व्यक्त केला, त्याच्या अस्थि ज्या पाण्यांत आहेत तें पाणी स्वच्छ राखणें हें स्मारकांत मोडतें कीं नाहीं, हा प्रश्न वर्धेकरांनीं स्वतःला विचारण्यासारखा आहे. पण आम्हांस त्याहून महत्त्वाचें वाटतें तें असें कीं, ती नदी पवनारपाशीं थांबत नाहीं. खालीं गांवें आहेत, त्यांच्या विहिरी आहेत, त्या विहिरींवर पाणी भरणारीं माणसें आहेत. त्यांचीं नांवें वरच्या शहराला ठाऊक नाहींत व ठाऊक होण्याचें कारणही नाहीं. नीतीची परीक्षा अशा निनांवी माणसाच्या बाबतींतच होते. ओळखीच्या माणसाशीं सभ्यपणानें वागावयास भीड पुरते. ज्याला आपण कधींच भेटणार नाहीं, त्याच्या घागरींत आपल्यामुळें काय पडतें ह्याचा हिशेब ठेवावयास मात्र न्यायबुद्धिच लागते.